मडक्यावरून लंडन ते टोकियो

बाईंना कोणी विचारलं, "बाई, चंद्रपूर इथून किती दूर?" तर बाई आधी उलट विचारत, "उडून का चालून?"

विचारणारा हसायचा. बाई हसत नसत. उडून असेल तर उत्तर त्यांच्या जिभेवर तयार असे. चालून असेल तर त्या म्हणत, "ते एसटीवाल्याले विचारा. ते त्याचं अंतर आहे, जमिनीचं नाई."

त्या भूगोल शिकवत. एटापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात आमची शाळा होती, पाठीमागे वसतिगृह, आणि वसतिगृहाच्या पाठीमागे जंगल. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी नुकताच नोकरीला लागलो होतो. माझं घर चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वडिलांच्या क्वार्टरमध्ये. तिथे नळाला पाणी, दाराशी वीज मंडळाची बस. तिथून मी इथे आलो आणि पहिल्याच दिवशी बाईंनी मला विचारलं, "काय सर, लंडनवरून टोकियोले जायचं असन तर वाटेत काय लागते?"

मी शिक्षक-खोलीतल्या भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं, मनातल्या मनात एक रेघ ओढली आणि म्हणालो, "काळा समुद्र, मग... चीन."

"म्हणजे तुम्हीबी कागदावरच राहता," बाई म्हणाल्या आणि वर्गावर निघून गेल्या.

आम्ही सगळे शिक्षक त्यांना पाठीमागे 'विमानबाई' म्हणायचो. मीही म्हणायचो, आणि इतरांपेक्षा जरा जास्तच, कारण मी नवा होतो आणि नव्या माणसाला हसण्यात सामील व्हायची घाई असते. विमानात त्या कधी बसल्या नव्हत्या. नागपूरला एकदा विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून एक विमान उतरताना पाहिलं होतं, तेवढंच. त्याबद्दलही त्यांचं मत असं होतं की उतरताना ते उगाच एक फेरा मारून आलं.

चाळिशीच्या आसपासचं वय, उंच, सडसडीत बांधा, आणि पुरुषांची दांडीची सायकल. त्या काळात आमच्या भागात बाईमाणूस दांडीच्या सायकलवर दिसलं की पोट्टे पाठीमागे धावत. बाई थांबून त्यांना सांगत, "धावता तर सरळ धावा. वाकडं धावून दम कशाले घालवता?" राहायच्या एकट्या. लग्न केलं नव्हतं. रोज संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या ऐकत, पण बातमी काय आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नसे. कोण कुठून कुठे रवाना झालं एवढंच त्या टिपून ठेवत. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरांना सांगत, "काल पंतप्रधान दिल्लीहून निघाले. चला, मोजा."

मोजायचं मडक्यावर.

शाळेला कचेरीतून एक पृथ्वीगोल आला होता, पत्र्याचा. येता येता तो हिंदी महासागरात चेपला होता. बाईंनी तो ताब्यात घ्यायला नकार दिला. "चेपलेल्या पृथ्वीवर दोरा बसत नाई," असा शेरा त्यांनी पोचपावतीवर लिहिला. मग त्या गावातल्या कुंभाराकडे गेल्या आणि त्याला म्हणाल्या, गोल मडकं पाहिजे, सगळीकडून सारखं गोल. कुंभाराने चार मडकी करून दाखवली, बाईंनी चारही परत केली. पाचवं घेतलं. कुंभार म्हणाला, "बाई, पाणी त ह्या चारहीत थंडं होते, मंग ह्या एकातच काय आहे?"

"ह्याच्यात जग आहे," बाई म्हणाल्या.

"मंग फुटलं त मले नका सांगजा."

ते मडकं चुन्याने पांढरं करून, त्यावर निळ्या शाईने देश काढून, बाईंनी लाकडी तिवईवर पालथं बसवलं होतं. पालथं असल्यामुळे दक्षिण ध्रुव मडक्याच्या तोंडाशी गेला होता. एखादा पोट्टा विचारायचा, "बाई, अंटार्क्टिका कुठी?" बाई शांतपणे सांगायच्या, "आत आहे. हात घालून पाह्य, थंड लागते." आणि तो हात घालायचा, आणि खरंच थंड लागायचं.

दोरा कोशाचा. आरमोरीकडच्या विणकरांकडून मुद्दाम आणलेला, पिवळसर रेशमी. सुताचा दोरा ताणला की वाढतो आणि पावसात आखडतो, त्यामुळे सुताने मोजलेलं अंतर बाई धरत नसत. मडक्याच्या पोटाभोवती दोऱ्याचा एक पूर्ण वेढा म्हणजे चाळीस हजार किलोमीटर, पृथ्वीच्या विषुववृत्ताएवढा. तो वेढा दुमडायचा, परत दुमडायचा, परत दुमडायचा, आणि दुमडीवर गाठी मारायच्या. झाली मोजपट्टी. मग एक बोट लंडनवर, एक बोट टोकियोवर, मधला दोरा घट्ट ताणायचा. ताणलेला दोरा आपोआप जवळची वाट शोधतो. तो काळ्या समुद्राकडे जातच नसे. तो सरकत सरकत वर चढायचा, नॉर्वेवरून, रशियाच्या डोक्यावरून, बर्फाच्या काठाकाठाने, आणि वरून टोकियोवर उतरायचा. पोटाच्या पाव भागापेक्षा जरा कमी. साडेनऊ हजारांच्या आसपास.

ज्या पोरांनी रेल्वे पाहिली नव्हती त्यांनी हे अंतर मोजलं होतं. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं नाही. पण बाहेर येऊन मी इतरांबरोबर हसलोच.

एसटीचा प्रसंग सगळ्या तालुक्याला माहीत होता. आलापल्लीहून येणारी बस मध्येच एका गावाला आत जाऊन परत फिरायची. बाईंनी कंडक्टरला सांगितलं की मला त्या गावाला जायचंच नाही, तर त्या फेऱ्याचे पैसे मी देणार नाही.

"बाई, गाडीले पंख नाईत."

"तो तुमचा नि गाडीचा प्रश्न आहे."

"मंग उतरा अन् जा सरळ."

बाई उतरल्या. बैलगाडीच्या वाटेने, जंगलातून, सरळ. शाळेत पोचल्या तेव्हा लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं होतं आणि पहिला तास संपला होता. मुख्याध्यापकांनी विचारलं, बस तर केव्हाची येऊन गेली? बाई म्हणाल्या, "आली असन. पण जास्त चालली."

हा हट्ट कुठून आला असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांचे वडील बल्लारपूरच्या कोळसा खाणीत होते. छप्पन साली ते चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि घरी येऊन बाईंच्या आईला म्हणाले, आजपासून ह्या घरात कोणी वाकणार नाही. आई म्हणाली, चूल फुकायले त वाकाच लागते. वडील म्हणाले, चुलीपुढं वाका, माणसापुढं नाई. बाई तेव्हा शाळकरी होत्या. हे त्या सांगायच्या ते कौतुकाने नाही, घरचा एखादा नियम सांगावा तसं.

आणि मी होतो वाकणारा. चालताना बाकाला पाय लागला तर मी बाकाची माफी मागायचो. विद्यार्थी उशिरा आला तर मलाच अपराधी वाटायचं. "माफ करा" हे माझ्या प्रत्येक वाक्याच्या आधी यायचं. एकदा बाईंनी मला शिक्षक-खोलीत अडवलं. "सर, सकाळपासून तुम्ही पाच-सात जणांची माफी मागितली. केलं काय तुम्ही?"

"काही नाही बाई, माफ करा."

"हे पाहा! मले एक माणूस दाखवा ज्याचं तुमच्या माफीनं काही भलं झालं."

मला दाखवता आला नाही. अजूनही येत नाही. आणि तरी ही सवय गेलेली नाही, हे इथे लिहिताना मला ठाऊक आहे.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मला बाईंवर कुरघोडी करायची संधी मिळाली. ऊर्जानगरला आमच्या शेजारचे एक इंजिनिअर यंत्रांच्या कामासाठी लंडनला आणि तिथून टोकियोला जाऊन आले होते. मी त्यांना उत्साहाने विचारलं, रशियावरून गेलात ना? ते म्हणाले, छे, रशिया आपल्यावरून जाऊ देत नाही. विमान अलास्काला गेलं, तिथे तेल भरलं, तिथल्या विमानतळावर काचेच्या पेटीत पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं होतं, आणि मग तिथून टोकियो.

मी ते अस्वल घेऊनच शाळेत परतलो म्हणा ना. सगळे जमलेले असताना मी जाहीर केलं की बाई, तुमच्या दोऱ्यावरून विमान जातच नाही. शिक्षक-खोली हसून हसून दमली. बाई सायकल काढून घरी गेल्या. मला लगेच वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी माफी मागायची असं ठरवून मी झोपलो.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या आधी शाळेत होत्या. मडक्यावर दोरा लंडनहून अलास्का आणि अलास्काहून टोकियो असा बसवलेला. "पोटाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ जाते," त्या म्हणाल्या. "तीन हजार किलोमीटर जास्त. एवढं तेल, एवढा वेळ. पण सर, दोरा चुकला नाई. वाट अडवून ठेवली आहे. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अन् तुम्ही काल त्या एक करून हसले."

मी तोंड उघडलं. "माफी मागू नका," त्या म्हणाल्या. "अस्वल किती मोठं होतं ते सांगा."

पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकतो, की पुढच्या पावसाळ्यात जी घटना घडली, त्या वर्षाच्या शेवटी बाईंची बदली सिरोंच्याला झाली. सगळ्यांना कळलं की ती का झाली. बाई म्हणाल्या, "चांगलं झालं. तिथून नदीपलीकडं आंध्र दिसते." निरोपाचा कार्यक्रम त्यांनी करू दिला नाही. त्यात उभं राहून सगळ्यांना 'काही चुकलं असेल तर' असं म्हणावं लागतं, आणि आपलं काही चुकलं नाही, असं त्यांनी मुख्याध्यापकांना कळवलं. मडकं कुंभाराने गवतात गुंडाळून दिलं आणि ते एसटीच्या टपावर नाही, बाईंच्या मांडीवर गेलं.

आता ती घटना.

जुलै महिना होता. वसतिगृहाचा जादा भार माझ्याकडे होता. कचेरीतून हुकूम आला की ज्यांचं गाव शाळेपासून आठ किलोमीटरच्या आत आहे त्या मुलांना वसतिगृहात जागा मिळणार नाही. पूर्वी ही अंतरं पालक सांगतील ती लिहिली जात. आता मोजून यादी येणार होती.

यादी घेऊन तालुक्याच्या कचेरीतला कारकून स्वतः सायकलने आला. तो बाईंचा जुना विद्यार्थी. आल्या आल्या तो बाईंच्या पाया पडायला वाकला, बाईंनी त्याला मध्येच धरून उभा केला.

"बाई, पूर्ण तालुका मोजला," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. "बाकीचे म्हणे, सरपंचाले विचारून लिहून टाक. मी म्हटलं, नाई. आमच्या बाईनं शिकवलं, अंतर म्हणजे दोन गावांमधला ताणलेला दोरा. बाकी सगळा फेरा." आणि त्याने खिशातून दोरा काढला. कोशाचा. सपाट नकाशावर मोजायला पट्टी पुरते, पण त्याने दोराच वापरला होता.

बाईंनी त्याचा नकाशा टेबलावर पसरला आणि दोन-चार गावं स्वतः ताडून पाहिली. "बरोबर," त्या म्हणाल्या. "शाब्बास, बाबू. पैकीच्या पैकी."

मग त्यांनी यादी हातात घेतली. नदीपलीकडच्या एका गावासमोर लिहिलं होतं, साडेचार किलोमीटर. त्या गावातून वसतिगृहात एकच मुलगी होती, मंगली. त्या गावातून दहावीपर्यंत पोचलेली पहिली. तिच्या नावावर रेघ मारलेली होती.

मधे बांडिया नदी होती. उन्हाळ्यात तिच्यातून पोरं चालत यायची. जुलैत ती पाहायची सोय नव्हती. शेवटचा डोंगा मंगलीला आणि तिच्या बापाला घेऊन आला होता आणि नावाड्याने तो काठावर ओढून पालथा घातला होता. वरच्या अंगाने फेरा घेऊन जायचं तर जंगलातून दोन दिवसांची वाट, आणि त्या वाटेवर आणखी नाले.

बाईंनी त्या रेघेवर बोट ठेवलं. कारकुनाच्याही लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. "बाई, नदी... नदी मी धरलीच नाई."

"तू नाई धरली, कारण मी नाई सांगतली," बाई म्हणाल्या. एवढंच. मला वाटलं आता त्या खचतील. मी असतो तर खचलो असतो. त्या उठल्या आणि वसतिगृहाच्या ओसरीवर गेल्या. मंगलीचा बाप तिथे बसला होता, शेजारी तिची पत्र्याची पेटी.

"ठेऊ का नेऊ?" त्याने विचारलं. त्याला मराठी तेवढंच येत होतं.

"ठेवा," बाई म्हणाल्या.

"बाई, यादीत नाव नाही," मी हळूच म्हणालो. "माझ्यावर येईल."

"येऊ द्या. मी आहे नं तुमच्या बाजूले."

दोन दिवस मंगली बाईंच्या खोलीत राहिली आणि तिसऱ्या दिवशी, यादी मानली नाही हे ऐकून, कचेरीतले साहेब आले. जीपने, कारकुनाला सोबत घेऊन. साहेब वाईट माणूस नव्हते. तरुण होते, हुशार होते, बोलणं गोड होतं. मुख्याध्यापक रजेवर होते, म्हणून मी आणि बाई समोर उभे.

"बाई," साहेब हसत म्हणाले, "तुमचीच पद्धत वापरली हो आम्ही. तुमचाच दोरा, तुमचाच विद्यार्थी. आता तक्रार कशी?"

"तक्रार मोजमापाची नाई. नियमाची आहे. त्यात लिहिलंच नाई की कोणतं अंतर."

"अंतर एकच असतं. तुम्हीच शिकवता म्हणे. बाकी सगळा फेरा."

"लंडन ते टोकियो दोऱ्यानं साडेनऊ हजार आहे साहेब," बाई म्हणाल्या. "पण रशिया आडवा येते म्हणून विमान अलास्कावरून जाते. त्याले कोणी म्हणत नाई, तू सरळ काऊन नाई आला. तेल भरून देतात त्याले वाटेत. अस्वलबी दाखवतात."

साहेब मोठ्याने हसले. मग त्यांनी खरोखर मदत करायचं ठरवलं, असं मला वाटतं. "हे बघा, सोपं करू. तुम्ही एक ओळ लिहून द्या की मोजमाप चुकलं आहे. मी नव्याने मोजायला सांगतो. नवं मोजमाप व्हायला दोन-चार महिने जातात. तोवर मुलगी राहील."

मला केवढं सुटल्यासारखं वाटलं. मी बाईंना बाजूला घेतलं. "बाई, द्या ना लिहून. एक ओळ. पोरीचं काम होतं आहे." हे मी म्हणालो. त्या वेळी ते मला शहाणपणाचं वाटलं आणि आजही, खरं सांगायचं तर, पूर्ण मूर्खपणाचं वाटत नाही. यातच माझी अडचण आहे.

बाईंनी कारकुनाकडे बोट केलं. "ह्या पोट्ट्यानं बरोबर मोजलं. मी त्याले पैकीच्या पैकी दिले. आता मी लिहून देऊ की चुकलं? उद्या त्याच्या नोकरीच्या कागदावर ते बसन. नाई साहेब. त्याचं बरोबर आहे, माझंबी बरोबर आहे. तुमचं चुकलं. तुम्ही लिहून द्या."

साहेबांचं हसू गेलं. "मग उद्या मुलीला घरी पाठवा," ते माझ्याकडे पाहून म्हणाले, आणि जीपमध्ये बसले. वर आभाळ भरून आलं होतं आणि डोंगराकडे पाऊस केव्हाचा कोसळत होता.

जीप गेली तशी थोड्या वेळाने परत आली. गावाबाहेरच्या नाल्याला लोंढा आला होता. ड्रायव्हर म्हणाला, "सर, चाकं बुडून राह्यली. आज काई होत नाई." साहेब भिजले होते. ओसरीवर येऊन त्यांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "इथंच थांबावं लागेल. वसतिगृहात एखादी खाट मिळेल ना?"

"हो साहेब, माफ करा साहेब, लगेच—"

"थांबा," बाई म्हणाल्या. "बाबू, तो नकाशा आण."

कारकुनाला कळेना. नकाशा त्याच्या पिशवीत होता, प्लास्टिकमध्ये. बाईंनी तो ओसरीवर जमिनीवर पसरला. "साहेबांचा मुक्काम कुठी आहे? तालुक्याच्या विश्रामगृहात नं? मोज. तिथून इथपर्यंत."

"बाई..." तो म्हणाला.

"मोज रे. दोऱ्यानं."

तो गुडघ्यावर बसला. दोरा गावावर टिकेना. शेवटी टिकला. "सात, बाई. सातच्याबी आत."

"अट किती?"

"आठ."

"मंग साहेब बसत नाईत," बाई म्हणाल्या. "वसतिगृहात जागा देता येत नाई."

ओसरीवर पोरं गोळा झाली होती. कोणी हसलं नाही. मी म्हणालो, "बाई, अहो, साहेब आहेत..."

"साहेब आहेत म्हणूनच तर. मंगलीले नियम अन् साहेबाले पाऊस?"

"बाई!" साहेब ओरडले. आतापर्यंत त्यांचा आवाज मी चढलेला ऐकला नव्हता. "नाल्याला पूर आहे! दिसत नाही का तुम्हाला? कसा जाऊ मी?"

बाई नकाशावरून उठल्या. "तेच," त्या म्हणाल्या. "तेच तर केव्हाचं सांगून राह्यले."

साहेब खांबाला टेकून उभे राहिले. पागोळ्यांचं पाणी त्यांच्या बुटांवर पडत होतं आणि त्यांना ते कळत नव्हतं. मग त्यांनी कारकुनाकडून कागद मागितला, मांडीवर पिशवी ठेवून त्यावर काहीतरी लिहिलं आणि बाईंच्या पुढे धरलं. 'विशेष बाब म्हणून सदर मुलीस प्रवेश देण्यात यावा.'

मी हात पुढे केला होता. बाईंनी कागद माझ्या आधी घेतला, वाचला आणि परत दिला.

"विशेष बाब नको."

"अहो, मिळाला की प्रवेश!"

"हे तुमची मेहरबानी झाली साहेब. उद्या तुम्ही बदलून जाल. पुढच्या साली त्याच गावची दुसरी पोरगी येईन, ते कोणाच्या मेहरबानीवर राहीन? नियम लिहा."

संध्याकाळच्या जेवणाची वेळ झाली होती. घंटा कोणी वाजवली नाही, पण पोरं आपापल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, ताटल्या घेऊन ओसरीवर रांगेत बसू लागली. भात वाढून झाला. वरण वाढून झालं. कोणी जेवेना, कारण साहेब उभे होते आणि कागदावर परत लिहीत होते. यादीतून नाव गेल्यापासून मंगली ह्या रांगेत बसली नव्हती. आज ती बाईंच्या खोलीतून ताटली घेऊन आली. कोणाला न विचारता रांगेच्या मधोमध, दोन पोरींना सरकायला सांगून, बसली. स्वयंपाकीण माझ्याकडे पाहू लागली. मी मान हलवली, होकाराची की नुसतीच, मला आता सांगता येत नाही. तिने भात वाढला.

साहेबांनी दुसरा कागद दिला. 'अंतर मोजताना प्रत्यक्ष चालता येईल अशी वाट धरावी.' खाली सही.

बाईंनी तो सावकाश वाचला. मला वाटलं, आता संपलं.

"याच्यात 'पावसाळ्यात' लिहा," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे पावसाळ्यापुरती ही वाट धरा, बाकी दिवस दोरा. नदी उतरली की ह्या पोरीचं गाव साडेचारच राह्यते. तेव्हा ते चालत येईन, अन् जागा दुसऱ्या कोणाले द्या. आमच्या हक्काचं आहे तेवढं लिहा. जास्तीचं नको."

साहेबांना राग आला होता की आणखी काही, मला ओळखता आलं नाही. त्यांनी ओळीच्या वर खूण करून तो शब्द घातला आणि परत सही केली.

बाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि रांगेकडे वळल्या.

"जेवा रे," त्या म्हणाल्या. "कोणाच्या मेहरबानीचं नाई."

मंगलीने पहिला घास घेतला, तेव्हा साहेब अजून उभेच होते.